अर्धवट मेल

आमच्या संस्थेतल्या एका ज्येष्ठ बाईंचा मध्यंतरी फोन आला. संस्थेच्या मेलचं काम मी बघते, त्यामुळे फोन येतच असतात. पासवर्ड चालत नाही, फाइल जात नाही, कुणाचं तरी महत्त्वाचं पत्र स्पॅममध्ये जाऊन पडलंय. हा फोन त्यातला नव्हता. बाई एक लांबलचक मेल लिहीत होत्या, एका जुन्या वादाबद्दल, एकेक शब्द तोलून. मधेच उठावं लागलं म्हणून लॅपटॉप मिटला. परत येऊन उघडला तर वेबमेल, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडायचा मेल, लॉगिनच्या पानावर येऊन थांबलेलं. सगळं गेलं असं धरून त्यांनी पुन्हा पासवर्ड घातला, नवा मेल लिहायला घेतला, आणि पडद्यावर एक चौकट आली. आधी लिहिलेला पण न पाठवलेला एक मेल सापडला आहे, त्याचा विषय अमुक, जतन केल्याची वेळ तमुक, परत आणायचा का? त्यांनी हो म्हटलं. शेवटच्या अर्ध्या वाक्यासकट सगळा मजकूर जागच्या जागी आला. मग त्यांनी मला फोन लावला आणि विचारलं, "अगं, पण हे ठेवलं कुणी होतं?"

मी म्हटलं, तुमच्याच ब्राउझरनं ठेवलं होतं. "त्याला ठेवायला कुणी सांगितलं? आभार कुणाचे मानायचे ते तरी कळू दे." नुकतंच आम्ही राउंडक्यूब या आमच्या वेबमेलच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन चढवलं होतं, म्हणून ही त्याचीच करामत असणार असं त्यांनी धरलं होतं. खरं तर ही सोय राउंडक्यूबमध्ये कित्येक वर्षांपासून आहे. त्यांच्यावर तशी वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली, इतकंच. मी काहीतरी सांगून फोन ठेवला, पण तो प्रश्न काही दिवस डोक्यात फिरत राहिला.

वेबमेलमध्ये आपण लिहीत असताना पडद्यामागे बरंच काही चाललेलं असतं. लिहिलेला मजकूर ठरावीक वेळानं सर्व्हरवरच्या ड्राफ्ट्समध्ये जाऊन बसतो. राउंडक्यूबची मूळ सेटिंग आहे दर ५ मिनिटांनी. पण मन लावून लिहिणारा माणूस ५ मिनिटांत बरंच लिहितो. दुसरीकडे सेशनची, म्हणजे एकदा केलेलं लॉगिन टिकण्याची, मुदत मुळात १० मिनिटांची. टॅब उघडा असेपर्यंत पान स्वतःच दर मिनिटाला सर्व्हरला हाक मारतं, मी अजून आहे म्हणून सांगतं आणि ती मुदत पुढे ढकलत राहतं. लॅपटॉप झोपला किंवा वायफाय गेलं की हाक थांबते आणि सर्व्हर समजतो माणूस उठून गेला. शेवटचा ड्राफ्ट गेल्यापासून हाक थांबेपर्यंत जे लिहून झालं, त्याचा वाली कुणी नसतो. म्हणून मजकुराची एक प्रत ब्राउझरच्या स्वतःच्या साठवणीत उतरत राहते, त्या त्या वापरकर्त्याच्या खुणेखाली. सर्व्हरनं ओळख दिली नाही तरी ती प्रत तिथेच असते. तुम्ही दुसऱ्या मशीनवरून आलात तर ती सापडणार नाही. आणि कॉम्प्युटर चारचौघांचा असेल तर सेटिंगमध्ये जाऊन हे बंदही करता येतं, तेवढी सोय ठेवलेली आहे.

एवढं सगळं कुणाला तरी सुचावं लागतं. लॅपटॉप मिटून उठून जाणारी कुणी बाई त्या माणसाच्या डोळ्यांसमोर असेलच असं नाही, पण अशी कुणीतरी असणार हे त्याला ठाऊक होतं. त्याला तिचं नाव माहीत नव्हतं, तिची भाषा माहीत नव्हती, तिच्याकडून एक पैसा मिळायचा नव्हता.

आधीचं वेबमेल आठवलं की मला आधी आठवतो तो पांढरा पडदा. काहीही दाबलं की पान पुसलं जायचं, काही क्षण नुसतं पांढरं, आणि मग वरून खाली हळूहळू भरत यायचं. डावीकडच्या चौकटीत फोल्डर, उजवीकडे मेलची यादी, निळ्या अधोरेखित ओळी. १९९९ साली सुरू झालेलं स्क्विरलमेल असंच होतं. त्याला जावास्क्रिप्ट लागायची नाही, अगदी जुनाट ब्राउझरवरही ते उघडायचं, आणि त्याच्या त्या साधेपणाबद्दल मला आजही आदर आहे. पण एक मेल डिलीट करायचा तर चौकोनात खूण करा, बटण दाबा, पान नव्यानं येऊ द्या, मग पुढचा. लिहिताना तर जीव मुठीत असायचा. मोठा मजकूर लिहून झाला की पाठवायचं बटण दाबण्याआधी कंट्रोल-ए, कंट्रोल-सी. सगळं निवडायचं, कॉपी करून ठेवायचं, मगच हात बटणाकडे न्यायचा. हे कुणी शिकवलं नव्हतं, एकदोनदा पोळल्यावर सगळेच शिकले. अजूनही लांब मेल पाठवताना माझी बोटं तिकडे जातात. गरज उरलेली नाही, बोटांना ते पटलेलं नाही.

२००५ साली थॉमस ब्रुडर्ली या स्विस प्रोग्रामरनं राउंडक्यूब बाहेर आणलं, तेव्हा त्याच्या डोक्यात होतं की ब्राउझरमधला मेल डेस्कटॉपवरच्या प्रोग्रामसारखा हाताला लागावा. मेल उचलावा आणि ओढून फोल्डरमध्ये टाकावा, पान मध्ये पुसलं जाऊ नये. पान न बदलता मागून सर्व्हरशी बोलायच्या तंत्राला एजॅक्स हे नाव त्याच वर्षी पडलं होतं. त्यानंतर हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं शून्य पूर्णांक काहीतरी याच आकड्यावर चालत राहिलं. १.० जाहीर झालं एप्रिल २०१४ मध्ये. तोवर जगभर असंख्य होस्टिंग कंपन्यांच्या सर्व्हरवर ते बसलेलंही होतं, लोक रोज त्यातून पत्रव्यवहार करत होते, आणि करणारे मात्र अजून 'एक' म्हणायला तयार नव्हते. मला हा संकोच आवडतो. हाती घेतलेलं काम पुरं झालं असं स्वतःला पटल्याशिवाय न म्हणणारी माणसं आता कमी दिसतात.

नव्या व्हर्जनची घोषणा येते तेव्हा वर चार-पाच ठळक गोष्टी असतात आणि खाली बदलांची लांब यादी. मी ठळक गोष्टींवरून नजर फिरवते आणि यादी वाचत बसते. नोव्हेंबर २०१९ मधल्या १.४ ची ठळक गोष्ट होती इलॅस्टिक ही स्किन, म्हणजे वेबमेलचं दिसणं आणि मांडणी. फोनच्या पडद्यावरही नीट बसणारी, बोटानं चालवता येईल अशी. ती आली तेव्हा खरोखर हायसं वाटलं होतं, कारण त्याआधी फोनवर वेबमेल उघडणं म्हणजे दोन बोटांनी ताणून एकेक ओळ शोधणं. पण त्याच व्हर्जनमध्ये आणखी एक गोष्ट आली, तिच्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. आलेला मेल जसाच्या तसा दुसऱ्याकडे वळवायची सोय. फॉरवर्ड वेगळं. फॉरवर्ड केलं की पाठवणारा म्हणून आपलं नाव लागतं, पुढच्यानं उत्तर दिलं की ते परत आपल्याकडेच येतं, मग आपण ते मूळ माणसाला पाठवायचं, असा पोस्टमनचा उद्योग गळ्यात पडतो. वळवलेल्या मेलमध्ये मूळ पाठवणाऱ्याचं नाव तसंच राहतं, उत्तर थेट त्याला जातं. चुकून आपल्या दारात आलेलं पत्र योग्य दारात सरकवून बाजूला होता येतं. संस्थेच्या सामाईक पत्त्यावर रोज येणाऱ्या पत्रांपैकी निम्मी भलत्याच माणसासाठी असतात, त्यामुळे ज्या दिवशी मी ते बटण पाहिलं त्या दिवशी माझं मोठं काम हलकं झालं.

ऑक्टोबर २०२१ मधल्या १.५ मध्येही तसंच. सगळ्यांनी कौतुक केलं ते डार्क मोडचं. रात्री उशिरा मेल वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना ते बरं वाटलंच, मीही त्यातली आहे. माझा जीव मात्र जडला तो एका अगदी बारीक सोयीवर: लिहिताना पत्ते एका रकान्यातून दुसऱ्यात ओढून नेता येऊ लागले. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण बैठकीचं निमंत्रण पंचवीस-तीस जणांना लिहिताना शेवटी लक्षात येतं की यातल्या पाहुण्यांचे पत्ते सगळ्यांना दिसायला नकोत, ते बीसीसीमध्ये हवेत. पूर्वी मग कर्सर त्या पत्त्यांच्या गर्दीत घालायचा, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते शोधायचं, कापायचं, खाली चिकटवायचं. एखादा स्वल्पविराम मागे राहायचा, एखाद्या पत्त्याचा शेवटचा तुकडा तुटायचा, आणि पाठवताना लाल अक्षरात तक्रार यायची. आता प्रत्येक पत्ता एका छोट्या गोळीसारखा वेगळा दिसतो. माउसनं धरला, खालच्या रकान्यात सोडला, झालं. वरची गोळी नाहीशी होते आणि खाली उमटते. हे पहिल्यांदा केलं तेव्हा मी तीच गोळी उगाचच दोन-तीनदा वर-खाली नेऊन पाहिली.

त्याच व्हर्जनमध्ये विश्वासू पाठवणाऱ्यांची यादी आली. मेलमध्ये बाहेरून येणारी चित्रं राउंडक्यूब आपणहून दाखवत नाही, वर एक पट्टी येते आणि दाखवू का असं विचारते. कारण त्यातलं एखादं चित्र एका ठिपक्याएवढं, डोळ्याला न दिसणारं असतं, आणि ते मागवलं गेलं की पाठवणाऱ्याला कळतं की हा मेल उघडला, अमुक वाजता, अमुक ठिकाणच्या इंटरनेटवरून. बहुतेक लोकांना याची कल्पनाच नसते. पण दर वेळी पट्टी आली की लोक कंटाळतात, आणि कंटाळलेला माणूस सेटिंगमध्ये जाऊन सगळीच चित्रं कायमची चालू करून टाकतो. आता ज्याच्यावर भरवसा आहे त्याला एकदा हो म्हणायचं. बाकीच्यांना दारात थांबवण्याचं काम चालू राहतं. खासगीपणा जपायचा आणि माणसाला वैताग येऊ द्यायचा नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळणं अवघड असतं. इथे ते जमलंय असं मला वाटतं.

एक प्लगइन आहे, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, जोडपत्राची आठवण करून देणारं. 'सोबत फाइल जोडली आहे' असं लिहून फाइल न जोडता मेल पाठवणं हे सगळ्यांच्याच हातून होतं, आणि मग मागोमाग दुसरा मेल जातो. हे प्लगइन मजकुरात काही ठरावीक शब्द शोधतं आणि फाइल नसेल तर पाठवण्याआधी थांबवून विचारतं. ते शब्द त्या त्या भाषेच्या फाइलमध्ये स्वल्पविरामांनी लिहिलेले असतात. आमच्याकडे बहुतेक पत्रव्यवहार मराठीत, म्हणून मी त्या यादीत आपले शब्द घालायला बसले. आधी 'सोबत' घातला. तर 'मी तुमच्यासोबत येईन' लिहिलं तरी ते अडवू लागलं, कारण ते अक्षरांची नुसती जुळणी बघतं, शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याच्याशी त्याला घेणं नाही. मग 'जोडल' एवढंच घातलं. अर्धा तुटलेला शब्द, व्याकरणात कुठे न बसणारा. पण त्यानंतर जोडलं, जोडले, जोडली, जोडलेल्या, जोडला, सगळी रूपं सापडू लागली, कारण काना-मात्रा मूळ अक्षराच्या मागून येतात आणि त्या आधीचं सगळ्यांत समान असतं. 'जोडत' घातल्यावर 'जोडत आहे' आणि 'जोडतो' हेही आलं. प्रत्यय लागून सतत बदलणाऱ्या आपल्या भाषेला त्या भोळ्या जुळणीनं उलट मदतच केली. ज्यानं ते लिहिलं त्याच्या मनात मराठी असायचं काही कारण नव्हतं, पण त्यानं शब्द प्रोग्रामच्या आत गाडून न ठेवता बाहेर एका साध्या फाइलमध्ये ठेवले, म्हणून मला हात घालता आला. नवं व्हर्जन चढवताना ती फाइल आठवणीनं बाजूला काढून ठेवावी लागते. ते मी आनंदानं करते.

अक्षरांचाच विषय निघालाय तर, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. मायएसक्यूएल या डेटाबेसचा जुना 'यूटीएफ-८' हा प्रकार ३ बाइटांपर्यंतच झेपायचा, म्हणजे आपली लिपी त्यात जेमतेम मावायची. पण हसरे-रडके चेहरे आणि अशा इतर खुणा ४ बाइटांच्या. कुणी सहीत एखादी तसली खूण टाकली की डेटाबेस कुरकुरायचा. १.५ नं पूर्ण युनिकोड, म्हणजे ४ बाइटांच्या खुणांसकट सगळी चिन्हं, घेतलं आणि ही कटकट मिटली. फोल्डरच्या नावांची गंमत निराळी. आयमॅपच्या, म्हणजे सर्व्हरवर ठेवलेले मेल वाचायच्या ठरलेल्या पद्धतीच्या, जुन्या नियमांत फोल्डरचं नाव एका खास पद्धतीनं साध्या इंग्रजी अक्षरांत गुंडाळून ठेवावं लागतं. सर्व्हरवर जाऊन बघितलं तर 'महत्त्वाचे' नावाचं फोल्डर अँपरसँडनं (&) सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरमाळेसारखं दिसतं. वेबमेल ते उलगडून पुन्हा आपल्या लिपीत समोर मांडतं, आणि वापरणाऱ्याला आत काय चाललंय याचा पत्ताही लागत नाही.

सुधारणेत काही हिरावलंही जातं, ते टाळून पुढे जाता येणार नाही.

जुलै २०२२ मध्ये १.६ आलं तेव्हा क्लासिक आणि लॅरी या जुन्या स्किन मूळ पॅकेजमधून काढल्या गेल्या. वेगळ्या उतरवून घेता येतात, पण घरातून बाहेर गेल्या त्या गेल्याच. आमच्या संस्थेत एक निवृत्त सर आहेत, हिशोब तपासतात. त्यांना लॅरी प्रिय. त्यात मेलची यादी दाट बसायची, एका नजरेत पंधरा दिवसांचा व्यवहार दिसायचा. तारीख कुठल्या रकान्यात, आकार कुठल्या, हे त्यांच्या डोळ्यांना पाठ होतं. इलॅस्टिकमध्ये हवा जास्त, ओळी उंच, एका वेळी दिसणारे मेल कमी. मला ते मोकळं वाटतं, त्यांना ते रिकामं वाटतं. "बाई, तुम्ही घर झाडून दिलंत ते ठीक, पण माझ्या वस्तू कुठे आहेत?" असं ते म्हणाले. रागानं नाही, थकून म्हणाले. मी त्यांच्यासाठी लॅरी वेगळी आणून बसवली. ती फोनवर धड चालत नाही, आणि पुढे किती दिवस सांभाळली जाईल कुणास ठाऊक. दोन स्किन सांभाळायच्या तर प्रत्येक बदल दोनदा तपासावा लागतो, आणि काम करणारे हात मोजके. हे मला पटतं. सरांचं म्हणणंही पटतं. सत्तरीच्या माणसानं डोळ्यांत बसवलेला नकाशा बदलायला लावणं हा छोटा त्रास नव्हे, आणि बदलांच्या यादीत त्याची नोंद 'काढून टाकले' एवढीच असते.

सगळंच पाडून नव्यानं बांधायचा विचारही मागे झाला होता. २०१५ मध्ये राउंडक्यूब नेक्स्ट नावानं लोकांकडून पैसे उभे करायची मोहीम झाली, एक लाख डॉलरहून जास्त जमले, नव्या पायावर नवं घर उभारायचं ठरलं. ते काही पुरं झालं नाही. ज्यांनी पैसे दिले त्यांचा हिरमोड झाला, आणि तो होणं रास्तच होतं. त्याच काळात जुनं राउंडक्यूब मात्र चालत राहिलं. १.२ मध्ये मेल कूटबद्ध करायची सोय आली, १.३ मध्ये रुंद पडद्यासाठी तीन रकान्यांची मांडणी. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहताना वाईटही वाटतं आणि बरंही. मोठं स्वप्न विरलं, आणि रोज एकेक ओळ दुरुस्त करणारी माणसं तशीच बसून राहिली. बाईंना परत मिळालेलं पत्र त्या बसून राहण्यातून आलेलं आहे.

दुरुस्त्यांमधला सगळ्यात मोठा भाग तर दिसतच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरक्षेतलं एक भोक उघडकीला आलं. विशिष्ट रीतीनं रचलेला मेल नुसता उघडला, कशावर क्लिकही केलं नाही, तरी त्यातल्या एसव्हीजी चित्राच्या आडून आलेली स्क्रिप्ट वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालायची आणि त्याचे मेल बाहेर जाऊ शकायचे. विंटर व्हिवर्न नावानं ओळखली जाणारी टोळी युरोपातल्या सरकारी खात्यांवर ते वापरत होती. ईसेट या कंपनीच्या संशोधकांनी ते पकडून कळवलं आणि काही दिवसांत १.६.४, १.५.५ आणि १.४.१५ अशी तीन दुरुस्त व्हर्जन आली. जुनी व्हर्जन चालवणाऱ्यांनाही वाऱ्यावर सोडलं नाही. मग जून २०२५ मध्ये १.६.११ आणि १.५.१० आलं, त्यातलं भोक तर सुमारे दहा वर्षं आत होतं. लॉगिन असलेला कुणीही त्यातून सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकला असता. दहा वर्षं! ते वाचताना पोटात गोळा आला. एवढ्या वर्षांत किती जणांनी तो कोड डोळ्यांखालून घातला असेल, मीही त्यातल्या काही फाइली उघडून पाहिलेल्या. कोड सगळ्यांसमोर उघडा आहे म्हणजे कुणीतरी पाहिलंच असेल, हा दिलासा त्या दिवशी पातळ झाला. उलट बाजूही खरी की उघडा होता म्हणूनच कधीतरी कुणीतरी पाहिलं, सांगितलं, आणि दुरुस्ती ओळीनिशी सगळ्यांसमोर आली. त्या संध्याकाळी आम्ही नवं व्हर्जन चढवलं. दुसऱ्या दिवशी कुणालाही काही फरक जाणवला नाही. मेल तसेच, फोल्डर तसेच, रंगही तेच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राउंडक्यूब नेक्स्टक्लाउड या कंपनीच्या छायेखाली गेलं. त्या बातमीनं मला आधी धास्ती वाटली, नंतर थोडा धीर आला. जगभरचे इतके लोक ज्या सॉफ्टवेअरमधून आपली पत्रं वाचतात ते मूठभर माणसांच्या सवडीवर चालावं, हे फार काळ चालणारं नाही. पगार देणारं कुणी मागे उभं राहिलं तर बरंच. शिवाय परवाना जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याचा, म्हणजे कुणी वाट वाकडी केलीच तर कोड घेऊन दुसरी वाट धरता येते. आणि त्याहून जास्त भरवशाची गोष्ट ही की मेल वेबमेलमध्ये नसतोच. तो सर्व्हरवर आयमॅपच्या ताब्यात असतो. उद्या राउंडक्यूब काढून दुसरं काही बसवलं तरी बाईंचा जुना वाद, सरांचे हिशोब, सगळं आहे तिथेच राहील. आयमॅपची सुरुवात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये केली, तेव्हा वेबही नव्हतं. पत्रं एका जागी राहावीत आणि वाचणाऱ्यानं हव्या त्या मशीनवरून यावं, हे तेव्हाच ठरलं होतं.

सरांनी परवा एक मागणी केली. रात्री हिशोब तपासून झाला की मेल लिहून ठेवायचा, पण तो जायला हवा सकाळी दहाला. रात्री अकराला मेल आला की लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं. राउंडक्यूबमध्ये ही सोय मूळची नाही. का नाही ते त्यांना समजावून सांगायला गंमत वाटली. वेबमेल हा सतत जागा असणारा प्रोग्राम नाही. आपण बटण दाबतो तेव्हा तो जागा होतो, काम करतो आणि संपतो. सकाळी दहाला कुणीच जागं नसतं. म्हणजे मेल ठरल्या वेळेपर्यंत थांबवून ठेवायचं काम पाठवणाऱ्या सर्व्हरनं करायला हवं. त्यासाठीचा नियम २००७ पासून लिहून ठेवलेला आहे, आरएफसी ४८६५, पण सर्व्हरनं तो पाळायला हवा आणि वेबमेलनं तो मागायला हवा. आमचा सर्व्हर तो पाळत नाही. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे होण्यासारखं आहे." मी हो म्हटलं. सध्या ते मेल ड्राफ्टमध्ये ठेवतात आणि सकाळी चहा घेताना पाठवतात. मी सर्व्हरचं मॅन्युअल उघडून बसले आहे, आणि प्लगइन लिहायचं तर सुरुवात कुठून करायची ते शोधते आहे.